दिवस साडेनऊ

मेडिकलच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर,
कूलरच्या वाळ्याचा वास फॉर्मलिनपुढे हरलेला.
बाहेर शेहेचाळीस. पाण्याच्या भांड्यात पासष्ट.
लहान बाटल्यांत रात्रभर शेकत ठेवलेले
उंदराचे गर्भ, तांदळाच्या कणीएवढे,
शेपटी पोटाशी दुमडून.
(प्रश्नचिन्ह म्हणाले असते,
पण गाइडने थिसिसमधली अशी वाक्यं
लाल पेनाने खोडली, आणि बरोबरच खोडली.)

साडेनऊ दिवस म्हणजे
हृदयाची धडधड जेमतेम दीड दिवसाची,
हात म्हणजे नुसते फुगवटे,
आणि घशाखालच्या नळीच्या पुढच्या भिंतीवर
थोड्याशा पेशी,
शेजारणींहून वेगळ्या न दिसणाऱ्या.
वायरिंग सगळ्यांत तीच.
बाजूच्या खोलीत जठराचा दिवा लागतो,
पलीकडे यकृताचा.
इथे एक बटण दाबलं जातं
ज्याला नाव नाही, काही अक्षरं आहेत आणि आकडे,
मीटरवर रंगवलेल्या ग्राहक क्रमांकासारखे.

मग दोन दिवस. भिंतीला अंकुर, अंकुराला फांदी,
फांदीच्या टोकाला, फक्त टोकाला,
एका प्रथिनाचा निरोप.
हवेच्या पिशव्या मिटून चिकटू नयेत
म्हणून आतून जे बुळबुळीत अस्तर लागणार
त्यातला हा एक धागा.
अस्तर अजून नाही. निरोप तेवढा.
हवा तर नाहीच. सगळीकडे पाणी.

बाबांना रविवारी मोबाइलवर फोटो दाखवला.
कोराडीच्या राखेत तेहेतीस वर्षं काढलेला माणूस,
दोन पायऱ्या चढला की कठडा धरतो
आणि कठड्याचीच विचारपूस केल्यासारखा उभा राहतो.
"काय पाहून राहिली व?"
"फुप्फुस तयार होऊन राहिलं, बाबा."
"हवा हाय काय तिथं?"
"नाही."
"मंग काऊन?"

माझ्याकडे सत्तेचाळीस संदर्भ होते.
एकही कामी आला नाही.

पुण्याच्या मुलाखतीत हसले होते एक सर,
म्हणाले, होऊन राहिलं काय, होत आहे म्हणा.
म्हटलं. नोकरी नाही मिळाली ती गोष्ट वेगळी.
पण 'होत आहे'त राहणं कुठे असतं?
हे फुप्फुस होऊन राहिलंय.
बिऱ्हाड आणून टाकलंय त्याने पाण्यात,
घर बांधायच्या आधी,
गाव वसायच्या आधी.

आज रंगाची रात्र.
बशीत द्रावण, वरून फॉइल, कारण उजेडात बिघडतं,
आणि दर दहा मिनिटांनी डोकावायचं.
लवकर काढलं तर काहीच नाही,
उशीर केला तर सगळंच जांभळं.
रुबीना मॅडम सांगून गेल्या, डोळा लागू देऊ नको.
एक वाजून दहाला लाइट गेली.
कूलर शेवटचा शिंकरला. पासष्टचे चौसष्ट, त्रेसष्ट.
इतक्या अंधारात मेडिकल चौकातली कुत्रीसुद्धा
चुकल्यासारखी भुंकायची थांबली.
रंगाला लाइट लागत नाही.
फॉइलखाली तो चढतच होता,
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मोबाइलच्या टॉर्चवर तिरपं धरून पाहिलं:
साडेनऊच्या बशीत काही नाही.
साडेअकराच्या बशीत, फांदीच्या टोकांवर,
जांभूळ खाल्लेल्या जिभेचं टोक दिसावं तसं,
चार ठिपके. पाच.
पाचवा असेलही, नसेलही. वहीत चार लिहिले.

धुवायला टाकलं आणि फोन लावला.
बाबा जागेच असतात या वेळी,
उशीला टेकून, बसून.
"तिकडं बी गेली काय व लाइट?"
"गेली."
"येऊन राहिली," म्हणाले, तेहेतीस वर्षांच्या खात्रीने,
आणि पुढच्या श्वासासाठी थांबले.
मी फोन कानालाच धरून.